पान उलटून बघणारी पोरं किती? (पदवीधरांची 'जनरल स्किल्स' मोजायची कशी)

फळापुसणी (धागाकर्ता)

गेले चार दिवस रात्री जेवण झालं की एक्सेल उघडून बसतोय. विषय फ्लुइड मेकॅनिक्स, सिव्हिलचं दुसरं वर्ष. काम असं, की हा विषय शिकल्यामुळे पोरांचं 'संवादकौशल्य' किती वाढलं ते दशांशात लिहायचं. माझा आकडा आलाय २.०४. टार्गेट २.१ होतं. म्हणजे ०.०६ संवाद कमी पडला, आणि आता 'ॲक्शन टेकन'च्या रकान्यात काहीतरी भरायला हवं. मागच्या वर्षी 'तज्ज्ञांचे व्याख्यान आयोजित केले' असं लिहिलं होतं. खोटं नाही, व्याख्यान झालं होतं. पंपांवर झालं होतं.

इंजिनीअरिंगच्या बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा (इंजिनीअरिंगच्या पदव्या देशोदेशी मान्य व्हाव्यात म्हणून केलेल्या) कायम सदस्य झाला. आपल्याकडे अभ्यासक्रम तपासणाऱ्या एनबीएचं मानांकन हवं तर पदवीधराच्या अंगी काय काय यायला पाहिजे याची एक यादी पाळावी लागते. जुन्या यादीत १२ कलमं होती, नव्या यादीत ११ आहेत. गणित, विज्ञान, डिझाइन आहेच. पण चारजणांत मिळून काम करणं, बोलणं-लिहिणं, नीतिमत्ता, जन्मभर शिकत राहणं हेही आहे. यादी चांगली आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते मोजायच्या रीतीशी. विषयाची पाच-सहा उद्दिष्टं लिहायची, ती या कलमांना १, २ किंवा ३ अशी जोडायची आणि परीक्षेचे मार्क त्या गाळणीतून ओतायचे. पोरानं बर्नूलीचं समीकरण सोडवलं की त्यातले दोन थेंब 'संवाद' खात्यात पडतात. उरलेलं शेवटच्या वर्षाच्या सर्व्हेतून येतं: 'तुमचे संवादकौशल्य सुधारले असे वाटते का? १ ते ५.' हा फॉर्म भरल्याशिवाय नो ड्यूजवर सही मिळत नाही. सगळे ५ देतात. मी पण दिले असते.

तर वैतागून गेल्या महिन्यात एक उद्योग केला. शेवटच्या वर्षाची २४ पोरं एका शनिवारी बसवली. मार्क नाहीत, हजेरी नाही, शेवटी वडापाव. प्रत्येकाला कागदांचा एक संच दिला आणि सांगितलं: तुम्ही पंचायत समितीत नवीन कनिष्ठ अभियंता आहात. गावात जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढलेत. सरपंच म्हणतात नव्या टाकीमुळे झालं, टाकी बंद करा. कागद वाचा आणि गटविकास अधिकाऱ्यांना एक पानाचं पत्र लिहा. भाषा कुठलीही. वेळ ४० मिनिटं.

कागद सहा, सगळे मी घरी बसून बनवलेले. 'नव्या टाकीच्या पाण्याने गाव आजारी' ही पेपरातली बातमी. टाकी मे महिन्यात सुरू झाल्याचा दाखला. ठेकेदाराचं 'आमचे काम निविदेप्रमाणेच' असं पत्र. व्हॉट्सॲपवर फिरलेला एक मेसेज. पाणी तपासणीचा अहवाल: नमुना दूषित. आणि आरोग्य केंद्राचा महिनावार पेशंटचा तक्ता, ज्यात जूनला आकडा एकदम चढलेला.

मेख दोन ठिकाणी होती. तपासणी अहवालात बारीक अक्षरात 'नमुन्याचे ठिकाण: जुनी विहीर' असं होतं. आणि पेशंटच्या तक्त्याच्या पाठीमागे आदल्या वर्षाचा तक्ता छापलेला होता. तेव्हा टाकी नव्हती, तरी जूनला आकडा असाच चढला होता.

२४ पैकी ७ जणांनी पान उलटलं. विहीर ५ जणांना दिसली. दोन्ही दिसलं असे तिघं.

आमच्या टॉपर मुलीचं पत्र वाचायला अप्रतिम. विषय, संदर्भ, महोदय, सहाही कागदांचा सारांश, शेवटी आदरपूर्वक शिफारस: टाकी बंद करावी. आणि एक मुलगा, ज्याच्या चार केट्या (नापास राहिलेले विषय) आहेत आणि ज्याला कुठल्याच कंपनीनं ॲप्टिट्यूडच्या पुढे येऊ दिलं नाही, त्यानं एवढंच लिहिलं:

'साहेब, तपासणीचा नमुना विहिरीतला आहे. टाकीचं पाणी अजून कोणी तपासलेलंच नाही. मागल्या साली टाकी नव्हती तरी जूनमधी लोक आजारी होते. आधी टाकीचा नमुना पाठवू, मग बोलू.'

मी ९ दिले. माझ्या सहकाऱ्यानं ३. म्हणाला, पत्राचा फॉरमॅट नाही, इंग्रजी नाही, 'मग बोलू' काय, आपण काय कट्ट्यावर बसलोय? त्याच्याशी अर्धा तास वाजलं. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. हे मोजता येतं का? इतरांनी कसं मोजलंय? की माझं २.०४ च बरं?

जुनी_मॅट्रिक

आमच्या वेळी असली थेरं नव्हती. प्राचार्य वर्गात येऊन पाच मिनिटं बोलायचे आणि कोण कामाचं ते त्यांना कळायचं.

तळ्यातमळ्यात

@जुनी_मॅट्रिक, काका, तेव्हा वर्गात ३० होते आणि त्यातले २८ प्राचार्यांच्या आळीतले होते. :)

हिंजवडी_सिग्नल

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. सात वर्षं कंपनीकडून कॅम्पसला भरतीसाठी जातोय. तुमच्या त्या चार केटीवाल्या पोराला 'पुढे येऊ न देणारा' मीच, किंवा माझ्यासारखाच कोणीतरी.

खरं सांगतो, आम्ही कौशल्य मोजत नाही. आम्ही चाळण लावतो. एका पूल कॅम्पसला, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र भरतीला, १,४०० पोरं येतात, दोन कॉम्प्युटर लॅब असतात आणि संध्याकाळी साडेपाचची बस. ९० मिनिटांत क्वांट, लॉजिकल, व्हर्बल. वरची २०० घ्यायची. २०१ वं पोर २०० व्यापेक्षा कमी हुशार आहे असं आमचं म्हणणं कधीच नसतं, खुर्च्या २०० असतात एवढंच. मग ग्रुप डिस्कशन. तिथे पहिली दोन मिनिटं जो मोठ्यानं बोलतो तो लक्षात राहतो. हे चुकीचं आहे हे आम्हाला माहीत आहे, आमच्या ट्रेनिंगमध्येही सांगतात. तरी राहतो.

बाकी ते 'इतके टक्के पदवीधर नोकरीलायक नाहीत' वाले आकडे दरवर्षी पेपरात येतात ना, ते जरा बेतानं घ्या. २००५ साली मॅकिन्झी या सल्लागार कंपनीनं म्हटलं २५ टक्के इंजिनीअर बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कामाचे. २०१९ च्या ॲस्पायरिंग माइंड्सच्या अहवालात ८० टक्के नालायक. इंडिया स्किल्स रिपोर्ट २०२४ मध्ये सगळ्या शाखांचे मिळून ५१ टक्के लायक. एकाच देशातली पोरं आहेत ही! कशाला लायक, कुठल्या पगाराला, कुठल्या चाचणीवर, हे प्रत्येकाचं वेगळं. आणि यातल्या काहीजणांचा चाचण्या विकायचा धंदाच आहे, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

तुमचा टाकीचा पेपर मला आवडला. पण १,४०० पत्रं कोण वाचणार, सांगा.

फळापुसणी

@हिंजवडी_सिग्नल, तोच तर प्रश्न आहे. २४ पत्रं वाचायला मला सात तास लागले, म्हणजे एकाला १७-१८ मिनिटं. त्यात सहकाऱ्याशी भांडण धरलेलं नाही.

यारा_काठी

मेलबर्नहून. पोटापाण्याचा धंदाच परीक्षांच्या मोजमापाचा, त्यामुळे राहवत नाही. लांबेल, आधीच सांगतो.

फळापुसणी सर, तुम्ही नकळत जे केलंत त्याला आमच्यात 'परफॉर्मन्स टास्क' म्हणतात. अमेरिकेत सीएलए नावाची चाचणी आहे, ती याच धर्तीची. तिचा एक गाजलेला नमुना सांगतो. तुम्ही एका कंपनीच्या प्रमुखाचे सहायक. कंपनी एका जातीचं छोटं विमान घेणार असते, तेवढ्यात त्या जातीचं विमान कोसळल्याची बातमी येते. तुम्हाला बातमीचं कात्रण, सरकारी अपघात अहवाल, ऑफिसमधले ईमेल, आलेख, मासिकातला लेख असं सगळं देतात आणि विचारतात: विमान घ्यावं का? तेव्हा वेळ दीड तास असायचा. तुमची टाकी आणि त्यांचं विमान सख्खी भावंडं.

याच चाचणीवर रिचर्ड अरम आणि जोसिपा रोक्सा यांनी अमेरिकेतली २४ कॉलेजं आणि २,३२२ विद्यार्थी घेऊन अभ्यास केला. २०११ मध्ये तो आला तेव्हा तिकडे खळबळ उडाली, कारण पहिल्या दोन वर्षांत ४५ टक्के पोरांची नाव घेण्यासारखी प्रगती दिसली नाही. टीकाही भरपूर झाली. ज्या परीक्षेचे मार्कच नाहीत ती पोरगं जीव तोडून का देईल, हा त्यातला सगळ्यात साधा आक्षेप आणि माझ्या मते सगळ्यात पक्का.

आमच्या ऑस्ट्रेलियात एसर या संस्थेनं २००० सालीच पदवीधरांसाठी एक चाचणी काढली होती. चार भाग: चिकित्सक विचार, प्रश्न सोडवणं, माणसं समजून घेणं आणि लेखन. कॉलेजात शिरताना एकदा, बाहेर पडताना एकदा द्यायची, म्हणजे मधल्या काळात काय झालं ते कळावं. कल्पना सुंदर. आज इथे जास्त चालतं ते वेगळंच: पदवीधराच्या साहेबालाच विचारायचं, की बाबा, हा कसा आहे? पण साहेबाचा पत्ता देणार पदवीधरच. ज्या साहेबाशी जमतं त्याचाच पत्ता जाणार, हे सांगायला मोजमापतज्ज्ञ लागत नाही.

मग ओईसीडीनं, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेनं, जगभरचं एकच माप करायचा घाट घातला, अहेलो नावानं. १७ देश, २४९ संस्था, सुमारे २३,००० विद्यार्थी. जनरल स्किल्स, अर्थशास्त्र आणि इंजिनीअरिंग असे तीन भाग. ही नुसती 'जमेल का' बघायची चाचपणी होती. पुढचा मोठा टप्पा झालाच नाही. नामांकित विद्यापीठांना अशा तराजूत बसायची हौस नव्हती, हे मी माझ्या जबाबदारीवर म्हणतो.

सक्ती केली की काय होतं तेही बघा. ब्राझीलमध्ये २००४ पासून एनाडे आहे. बरीच वर्षं ४० प्रश्न, त्यातले १० सर्वसाधारण, असा साचा होता. परीक्षेला बसल्याशिवाय पदवी नाही. पोरांनी काय केलं? बसली आणि काही ठिकाणी निषेध म्हणून कोरा पेपर देऊन आली. कोलंबियात साबेर प्रो आहे, तीही सक्तीची: वाचन, आकडेमोड, नागरिकत्व, लेखन आणि इंग्रजी, सगळ्या शाखांना सारखंच.

आणि आता आपल्या जिव्हाळ्याचं. २०२१ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर'मध्ये चीन, भारत, रशिया आणि अमेरिका या चार देशांतल्या कॉम्प्युटर सायन्स आणि इलेक्ट्रिकल शाखांच्या हजारो विद्यार्थ्यांचा अभ्यास आला. आपली पोरं पहिल्या दोन वर्षांत विषयाचं ज्ञान मिळवतात, म्हणजे गणित-भौतिकी वाढतं. पण चिकित्सक विचार चार वर्षांत वाढत नाही. चीन आणि रशियाचंही तेच, अमेरिकेत वाढतो. तुमची पान न उलटणारी १७ पोरं मला तिथे दिसली.

बटाटावडा_चौक

एवढं वाचून मी पण स्क्रोल उलटं करून पाहिलं, पाठीमागे काही छापलंय का.

सदाशिवपेठी_अभ्यासिका

राव, तुम्ही लोक लांब कशाला जाताय? पदवीधरांची जनरल स्किल्स मोजणारी आपल्या घरची परीक्षा आहे ना. सी-सॅट! यूपीएससीनं २०११ ला आणली, एमपीएससीनं राज्यसेवेला २०१३ ला. उतारे, तर्क, आकडेमोड, निर्णयक्षमता. कागदावर सगळं यारा_काठींच्या यादीसारखंच.

आता आमच्या अभ्यासिकेत त्याचं काय होतं ते ऐका. ८० प्रश्न, १२० मिनिटं. पहिल्या आठवड्यात क्लासवाला शिकवतो: उतारा वाचायचा नाही. आधी प्रश्न वाचायचा, मग उताऱ्यात शब्द हुडकायचा. 'फक्त', 'नेहमी', 'कधीही नाही' असलेला पर्याय उडवायचा. निर्णयक्षमतेचे पाच प्रश्न असतात, त्यांना निगेटिव्ह नाही. त्यात 'वरिष्ठांना कळवून स्वतः जागेवर जाल' हा पर्याय दिसला की डोळे झाकून टिक. माझ्या शेजारच्या टेबलवरचा एक जण त्यात कायम पैकीच्या पैकी काढतो. त्याला मेसवाल्याला 'भाजीत मीठ नाही' सांगायचा निर्णय तीन महिने झाला नाही.

मला तर वाटतं सी-सॅटनं एकच कौशल्य मोजलं, सी-सॅट सोडवायचं. इंजिनीअरवाले पुढे, कलाशाखेवाले मागे, अशी बोंब झाली. यूपीएससीच्या भाषांतरावरून २०१४ ला दिल्लीत पोरं रस्त्यावर आली, २०१५ पासून पेपर नुसता ३३ टक्क्यांचा पात्रता पेपर झाला. राज्यसेवेतही पुढे तेच. पात्रता झाल्यावर आता कोणी अभ्यासच करत नाही आणि मग त्यातच नापास होतात. मी झालोय. एकदा.

अनुस्वार

३१ वर्षं कला महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झाले. सगळा धागा इंजिनीअरांचा चाललाय म्हणून लिहिते. बीए, बीकॉमची मुलं पदवीधर नाहीत का? संख्येनं तीच जास्त. त्यांचं कोणी मोजतही नाही, चुकीचंसुद्धा.

नव्या शैक्षणिक धोरणात आता एईसी (क्षमता संवर्धनाचे पेपर), व्हीएसईसी (व्यवसाय-कौशल्यांचे पेपर), फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (कामाच्या जागी प्रशिक्षण) असं बरंच आलं आहे. हेतूबद्दल शंका नाही. पण आमच्याकडे 'क्षमता संवर्धन' म्हणजे मराठीचाच पेपर, आणि एका वर्गात १२० मुलं असली की त्यात २० वस्तुनिष्ठ प्रश्न येतात. 'पत्रलेखनाचे प्रकार किती?' अ, ब, क, ड. पत्र मात्र कोणी लिहीत नाही. का? तपासणार कोण! तासिका तत्त्वावरची मुलगी सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. तिला १२० पत्रं वाचा म्हणायची माझी तरी जीभ रेटली नसती.

फळापुसणी, तुमच्या सहकाऱ्याला एक निरोप द्या. 'मग बोलू' यात काही चूक नाही. 'मधी' हे त्या मुलाच्या घरचं मराठी आहे. त्या चार ओळींत एकही शब्द फुकट गेलेला नाही. मी त्याला भाषेचेही पूर्ण गुण दिले असते.

हिंजवडी_सिग्नल

@अनुस्वार, ताई, मान्य. पण क्लायंटला ईमेल इंग्रजीतच जाणार. 'साहेब, मग बोलू' टेक्सासला पाठवून कसं चालेल?

अनुस्वार

इंग्रजी तीन महिन्यांत शिकवता येतं, तुमच्याच कंपन्या शिकवतात. विहीर कोणाला दिसते आणि कोणाला नाही, ते तीन महिन्यांत शिकवून दाखवा.

लातूरची_लेक

मी गेल्या वर्षीच पास आउट. काका-मावशी लोकांत बोलायला जरा भीती वाटते, पण तुम्ही सगळे ज्यांच्याबद्दल बोलताय ती मीच आहे.

पान न उलटल्याबद्दल सांगते. बारावीपर्यंत आम्हाला एकच शिकवलं: प्रश्नात जे दिलंय ते सगळं वापरायचं, जे दिलं नाही ते वापरायचं नाही. एखादा आकडा वापरायचा राहिला तर उत्तर चुकलं समज. नीट, सीईटी, सगळीकडे असंच. त्यामुळे सरांनी सहा कागद दिले तर मी पण सहाही वापरले असते. त्यातला एखादा कागद खोटा किंवा निरुपयोगी असू शकतो, हे कधी कोणत्या पेपरात झालंच नाही. त्या टॉपर ताईला नावं ठेवू नका. तिनं जे शिकवलं तेच केलं.

माझ्या जीडीचा (ग्रुप डिस्कशनचा) विषय होता 'सोशल मीडिया: शाप की वरदान'. आठ जणी. मी एकदाच बोलले. विचारलं की कोणासाठी, शाळेतल्या मुलांसाठी की दुकानदारांसाठी? सगळ्या थांबल्या, मग परत सुरू झाल्या. सिलेक्ट झाली ती, जिनं शेवटी 'टू कन्क्लूड' म्हटलं.

हिंजवडी_सिग्नल

हे वाचून मान खाली गेली. 'टू कन्क्लूड'ला आमच्या शीटवर खरंच रकाना आहे. समारोप केला का: हो / नाही.

फळापुसणी

दहा दिवसांनी येतोय, माफी असावी. एक्सेल गेलं एकदाचं. (ॲक्शन टेकन: 'विद्यार्थ्यांकडून पत्रलेखनाचा सराव करून घेतला.' या वेळी निदान खरं आहे.)

पण सांगायचं वेगळंच आहे. माझं ९ आणि सहकाऱ्याचं ३ यावर आम्ही दोघांनी मिळून एक गुणतक्ता बनवला. पुरावा तपासला का, कारण आणि योगायोग यात फरक केला का, शिफारस पुराव्याला धरून आहे का, वाचणाऱ्याला पत्र कळेल का. प्रत्येकी शून्य ते तीन. परत सगळी पत्रं तपासली. आता २४ पैकी १९ ठिकाणी आमचे गुण जवळपास सारखे आले. मी खूश.

मग वाटलं, आपण दोघंही मास्तर. ज्याचं हे रोजचं काम होतं त्याला दाखवू. आमच्या गल्लीत जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले एक ओव्हरसियर काका राहतात. गुण दिसणार नाहीत अशा झेरॉक्स त्यांच्याकडे दिल्या. काकांनी ओट्यावर बसून दोन चहात सगळं संपवलं. गुणतक्त्याकडे बघितलंही नाही. तीन गठ्ठे केले: ह्याला एकट्याला गावात पाठवीन, ह्याच्याबरोबर कोणीतरी पाठवीन, ह्याला पाठवणार नाही. ६, ११ आणि ७.

पहिल्या सहांत आमचे ते तिघं होतेच, केटीवालाही. उरलेल्या तिघांनी माझी झोप उडवली.

दोघांना आम्ही १२ पैकी ५ दिले होते. कारण त्यांनी शिफारसच केली नव्हती. एकानं लिहिलं होतं, 'एवढ्यावरून सांगता येत नाही. उद्या गावात जाऊन बघतो आणि कळवतो.' आमच्या तक्त्यात 'शिफारस' शून्य. काका म्हणाले, 'हा जाऊन बघतो म्हणतोय. बाकीचे बसल्या जागेवरून टाकी बंद करतायत.'

तिसरी एक मुलगी. तिनं लिहिलं होतं: 'पाणी सोडणारा रोज टीसीएल टाकतो का, त्याचे रजिस्टर मागवावे.' (टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर.) तिचा मी एक गुण कापला होता. शेरा: 'दिलेल्या कागदांबाहेरची माहिती.' काका हे वाचून मला म्हणाले, 'मास्तर, तुमच्या पेपरात टीसीएलचा कागद कुठंय? जूनला पाणी गढूळलं की पहिला प्रश्न पावडर पडली का हाच. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ती तपासणी, केली का, नळाच्या पाण्याला पिवळा रंग आला का. तुम्ही तेच विसरलात आणि हिचा मार्क कापला?'

काय बोलणार. पेपर काढताना मीच पान उलटलं नव्हतं.

टॉपर मुलगी मधल्या गठ्ठ्यात होती. 'अक्षर सुरेख आहे, ऑफिसात ठेवा, वर्षभरात तयार होईल.'

यारा_काठी

सर, हे फार मोलाचं आहे, पण धंद्याचा माणूस म्हणून एक खडा टाकतो. त्या मुलीच्या घरी कोणी पाण्याच्या कामावर आहे का? असेल तर तिनं दाखवलं ते घरचं ज्ञान, 'जनरल' कौशल्य नव्हे. मोजमापाच्या भाषेत तुमचा पेपर खेड्यातल्या पोरांना झुकतं माप देतो.

फळापुसणी

विचारलं तिला. वडील गावचे जलसुरक्षक. तुमचा खडा बरोबर लागला.

सदाशिवपेठी_अभ्यासिका

@यारा_काठी, आणि ते विमानवालं? ज्याच्या बापानं विमान घेतलंय त्याला झुकतं नाही का माप? टाकी म्हटलं की 'घरचं ज्ञान' आणि विमान म्हटलं की 'जनरल', असं का राव?

यारा_काठी

:) याचं उत्तर चाचण्या बनवणारे असं देतात की विमानाचं ज्ञान कोणाकडेच नसतं, म्हणून सगळे सारखे. पण तुमचा प्रश्न त्यानं मिटत नाही, हे कबूल. कुठलाही कागद कुठल्या ना कुठल्या गावचा असतोच. त्यावर उपाय एकच: एका टाकीवरून माणूस मोजायचा नाही. पाच-सहा वेगवेगळे प्रसंग द्यायचे. टाकी, दुकानाचा हिशेब, सोसायटीचं भांडण, दवाखान्याचं बिल. त्यानं खर्च सहापट होतो. अहेलोसारखे प्रकल्प काही अंशी इथेच अडकतात.

गोंयकान्न

सोसायटीच्या भांडणाचे कागद हवे असतील तर माझ्याकडे मडगावच्या एका बिल्डिंगची चार वर्षांची पूर्ण फाइल आहे. पार्किंग आणि गळती. ओईसीडीला पुरेल.

जुनी_मॅट्रिक

ओव्हरसियरनं जे केलं तेच आमचे प्राचार्य करायचे. मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो होतो.

लातूरची_लेक

काका, फरक आहे. तुमच्या प्राचार्यांनी चेहरे बघितले. या काकांनी कागद वाचले, आणि नावं झाकलेली होती.

हिंजवडी_सिग्नल

सर, मॅनेजरशी बोललो. १,४०० जमणार नाही. पण चाळणीत २०१ ते २६० वर जी पोरं सुटतात, त्यांना पुढच्या सीझनला एक असा पेपर देऊन बघायला तो तयार आहे. साठ पत्रं. टाकीऐवजी सॉफ्टवेअरच्या तक्रारीचे कागद करू, मराठी-हिंदी-इंग्रजी काहीही चालेल. अट एकच: वाचणारे आमच्या टीमबाहेरचे हवेत, नाहीतर आम्ही परत 'टू कन्क्लूड' शोधत बसू. आणि मानधनाला बजेट नाही.

फळापुसणी

मी वीस घेतो. ओव्हरसियर काकांना विचारलं, ते म्हणाले सॉफ्टवेअरमधलं मला काय कळतंय. मग म्हणाले, तक्रारच आहे ना? आणा.

अनुस्वार

उरलेल्यांतली वीस माझ्याकडे पाठवा. दुपारी तीन ते पाच मी रिकामीच असते. स्कॅन नको, कागद पाठवा, आणि दोन्ही बाजू झेरॉक्स केल्या आहेत ना तेवढं बघा.